खोक्यात काय काय होतं? जुने कॉम्प्युटर गेम जमवताना

जुना कॉम्प्युटर गेम हाताला लागला की माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "याचे किती येतील?" मी नव्या संग्राहकांना सांगते की तो प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. आधी हे शोधा की हा गेम पहिल्यांदा विकायला आला तेव्हा त्या खोक्यात काय काय होतं. एवढं कळलं की दुर्मीळपणा, भाव, खरं-खोटं हे पुढचे हिशेब सुटायला लागतात. हे न कळता लावलेला भाव हा निव्वळ अंदाज असतो.

माझा जीव मुख्यतः १९८० च्या दशकातल्या टेक्स्ट ॲडव्हेंचर (वाक्यं टाइप करत खेळायची गोष्ट) आणि रोल-प्लेइंग (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) गेमवर आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच जास्त येतील. पद्धत मात्र कुठल्याही मशीनच्या गेमला लागू पडते.

मूळ यादी

इन्फोकॉम कंपनीचा 'डेडलाइन' १९८२ मध्ये आला. खुनाचा तपास करायचा गेम, सगळा मजकुरावर चालणारा. तेव्हाच्या फ्लॉपीवर जागा इतकी कमी होती की कथेतली सगळी माहिती डिस्कवर मावेना. मग ती कागदावर उतरवली गेली: पोलिसांच्या फाइलसारखं फोल्डर, साक्षीदारांचे जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचा फोटो आणि प्लॅस्टिकच्या पुडीत काही गोळ्या. लोकांना हे इतकं आवडलं की गेमसोबत अशा वस्तू देणं ही इन्फोकॉमची ओळखच झाली. संग्राहक त्यांना 'फीलीज' म्हणतात. त्यांचा आणखी एक उपयोग होता. काही गेममधली कोडी या वस्तू हातात असल्याशिवाय सुटत नसत, त्यामुळे नुसती डिस्क कॉपी करून आणणारा अडकून बसे.

आता समजा याच गेमची प्रत तुमच्यासमोर आहे. डिस्क चालते, फोल्डर नीटनेटकं आहे, पण गोळ्यांची पुडी नाही. संग्राहकाच्या लेखी ती प्रत अपुरी. आणि डिस्क बंद पडलेली पण पुडीसकट सगळं जागच्या जागी असलेली प्रत तिच्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त भाव घेते. नव्या माणसाला हे उफराटं वाटतं. पण डिस्कमधला मजकूर आज दुसरीकडून मिळू शकतो. ती पुडी पुन्हा कोणी बनवणार नाही.

इन्फोकॉमच्याच 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' (१९८४) मध्ये काळा पुठ्ठ्याचा चष्मा, 'डोन्ट पॅनिक' असं लिहिलेला बिल्ला, कापसाचा छोटा बोळा, विध्वंसाचे छापील आदेश अशा वस्तू होत्या. त्यांतच एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी होती. आत डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म अवकाश-ताफा आहे, अशी त्यामागची कल्पना. ती पिशवी कचरा समजून टाकून दिल्याचे प्रकार फार. हा गेम पाहायला गेलात तर रिकामी पिशवी आणि कापसाचा बोळा आधी शोधा. बाकीचं बहुधा असतंच.

'अल्टिमा' मालिकेतही हेच. चौथ्या भागात (१९८५) कापडी नकाशा आणि धातूचा छोटा 'आंख' (वर फास असलेलं, क्रॉससारखं प्राचीन इजिप्शियन चिन्ह) होता, पाचव्यात (१९८८) धातूचं नाणं, सहाव्यात (१९९०) एक चकचकीत खडा. कापडी नकाशे लोकांनी भिंतीवर लावले, आंख गळ्यात घातला, आणि खोकं माळ्यावर गेलं. त्यामुळे आज नकाशा वेगळा, आंख वेगळा, खोकं वेगळं असं तुकड्यातुकड्यांनी विकायला येतं.

कॉपी रोखण्यासाठी दिलेल्या वस्तू याच यादीत धरायच्या. 'सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'मधली चाच्यांच्या चेहऱ्यांची फिरती चकती, 'पूल ऑफ रेडिएन्स'मधली चकती, १९८४ च्या 'जेट सेट विली'मधलं रंगांच्या चौकोनांचं कार्ड. यांच्याशिवाय गेम सुरूच होत नसे किंवा पुढे सरकत नसे. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवरच्या 'एलिट'सोबत लेन्सलॉक नावाचं प्लॅस्टिकचं भिंग होतं. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरं त्यातून पाहिली की वाचता येत. लेन्सलॉक आणखी काही गेमसोबतही आलं आणि दिसायला सगळी सारखीच, पण प्रत्येक गेमचं भिंग वेगळ्या घडणीचं. दुसऱ्या गेमचं भिंग घालून "पूर्ण" केलेलं खोकं विकायला येऊ शकतं. हे माहीत असलेलं बरं.

यादी मिळवायची कुठून? पहिली जागा म्हणजे खोक्याची मागची बाजू. आत काय आहे ते अनेक कंपन्या तिथेच छापत. दुसरी जागा मॅन्युअल, कारण त्यात सोबतच्या वस्तूंचा उल्लेख असतो. मग मोबीगेम्ससारख्या ऑनलाइन सूचीत चाहत्यांनी स्कॅन करून ठेवलेली खोकी पाहा. आणि शेवटी त्या काळची मासिकं. 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' १९८१ पासून निघत होतं, आणि त्यातल्या जाहिरातींमधले फोटो पाहून कितीतरी शंका मिटतात. मी प्रत्येक गेमसाठी एका कार्डावर यादी लिहून ठेवते आणि प्रत पाहायला जाताना ते कार्ड सोबत नेते. ग्राहक-नोंदणीचं कार्ड, कंपनीचा कॅटलॉग, 'डिस्क खराब झाली तर परत पाठवा' अशी चिठ्ठी हे कागदही त्या यादीत हवेत. त्यांच्यावाचून प्रत अपुरी म्हणावी का, यावर संग्राहकांत एकमत नाही. माझं मत विचाराल तर कॅटलॉग नसला तरी चालेल, पण कोरं नोंदणी-कार्ड सोबत असलं तर मी आनंदाने थोडे जास्त मोजेन.

कुठली आवृत्ती?

एकच नाव, पण वस्तू पाच. 'झॉर्क' घ्या. १९८० मध्ये तो पर्सनल सॉफ्टवेअर या कंपनीने बाजारात आणला, वर मिशीवाला योद्धा तलवार उगारून उभा असलेलं चित्र. पुढे इन्फोकॉमने तो स्वतःच्या नावाने काढला, मग १९८४ च्या सुमाराला सगळे गेम एकसारख्या राखाडी खोक्यात घातले, नंतर 'सॉलिड गोल्ड' नावाने पुन्हा काढला, आणि १९९१ मध्ये 'लॉस्ट ट्रेझर्स ऑफ इन्फोकॉम' या संचात तो इतर गेमसोबत आला. खेळ तोच. पण योद्ध्याच्या चित्राची प्रत आणि संचातली प्रत यांच्या भावाची तुलनाच होत नाही. राखाडी खोक्याआधीची पाकिटं आकाराने चमत्कारिक होती: 'स्टारक्रॉस' उडत्या तबकडीत, 'सस्पेंडेड'च्या दर्शनी भागावर पांढरा मुखवटा. दुकानदारांना ती फळीवर मांडायला अडचणीची वाटत. शिवाय ती चेपतात, तडकतात, म्हणून चांगल्या अवस्थेत फार थोडी उरली आहेत. याच दोन गेमच्या राखाडी खोक्यांना तेवढा भाव नाही.

आवृत्ती ओळखण्यासाठी खोक्यावरचं कॉपीराइटचं साल फारसं उपयोगाचं नाही. दहा वर्षांनी काढलेल्या स्वस्त आवृत्तीवरही मूळ सालच छापलेलं असतं. त्याऐवजी इतर खुणा वाचायला शिका.

गेम कुठल्या वयोगटासाठी आहे हे सांगणारं, ईएसआरबी या अमेरिकन संस्थेचं चिन्ह असेल तर ते खोकं १९९४ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण ती पद्धतच त्या वर्षी सुरू झाली. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता छापलेला असेल तर तेही १९९० च्या दशकाच्या मध्याकडे किंवा त्यानंतर झुकतं. किक्स, द हिट स्क्वॉड ही नावं दिसली की समजा, ही यूएस गोल्ड आणि ओशन या कंपन्यांची स्वस्तात पुन्हा काढलेली मालिका आहे. मूळ गेम फ्लॉपीवर होता आणि आत सीडी निघाली, तर उत्तर तिथेच मिळालं.

कंपनीचं नाव आणि पत्ता तर फार बोलका. केन आणि रॉबर्टा विल्यम्स यांनी १९८० मध्ये 'मिस्टरी हाउस' विकायला काढला तेव्हा कंपनीचं नाव ऑन-लाइन सिस्टम्स होतं आणि पत्ता कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीचा. नंतर कंपनी कोर्सगोल्डला गेली, मग ओकहर्स्टला, आणि १९८२ मध्ये नाव सिएरा ऑन-लाइन झालं. त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या गेमच्या कागदावर कुठलं गाव आहे एवढ्यावरून प्रत आधीची की नंतरची हे कळायला मोठी मदत होते. त्यांच्याच 'किंग्ज क्वेस्ट'चं वेगळं. १९८४ मध्ये तो पहिल्यांदा आयबीएमच्या नावाने, पीसीज्युनियर या मशीनसाठी आला. ते मशीन बाजारात चाललं नाही. पुढे सिएराने स्वतःच्या खोक्यात तोच गेम इतर मशीनसाठी काढला आणि तो भरपूर खपला. दोन्हींवर नाव एकच, म्हणून नुसतं नाव टाकून भाव शोधणाऱ्याची फसगत होते.

मशीनही पाहायला हवं. कॉमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरची प्रत जागोजागी मिळते आणि त्याच गेमची एखाद्या कमी खपलेल्या मशीनची प्रत वर्षानुवर्षं नजरेस पडत नाही, असं नेहमी होतं. खोकं तेच असायचं, फक्त कोपऱ्यात एक छोटा स्टिकर वेगळा. तो स्टिकर आणि आतली डिस्क जुळते की नाही हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुर्मीळ आणि मौल्यवान

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. किती प्रती निघाल्या, त्यातल्या किती उरल्या आणि आज किती लोकांना हव्या आहेत, असे तीन प्रश्न आहेत. भाव ठरवताना तिसरा प्रश्न सगळ्यात जड असतो. मुलांना गणित शिकवणारी, टायपिंग शिकवणारी जुनी सॉफ्टवेअर पाहा. काहींच्या मोजक्याच प्रती उरल्या असतील. त्या कोणी शोधत नाही, म्हणून त्यांना भाव नाही. विक्रेत्याने "अतिशय दुर्मीळ" असं लिहिलं की मी स्वतःला विचारते, कोणासाठी?

उलट टोकाला 'मिस्ट'. १९९३ मध्ये आला, साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या, आणि २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत तो सर्वाधिक खपाचा पीसी गेम होता. सुंदर गेम, इतिहासात मानाचं स्थान, पण प्रत कुठेही मिळते. 'डूम'बद्दलही लोकांचा गोंधळ होतो. १० डिसेंबर १९९३ ला तो शेअरवेअर म्हणून बाहेर पडला. पहिला भाग कोणीही वाटावा अशी मोकळीक होती. म्हणून कितीतरी कंपन्यांनी तो पहिला भाग आपापल्या पाकिटात घालून विकला. तसं पाकीट हाती लागलं म्हणजे मूळ 'डूम' मिळाला असं नाही. पूर्ण गेम तेव्हा तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीकडूनच थेट मागवावा लागे. दुकानात तो पोहोचला १९९५ मध्ये, 'द अल्टिमेट डूम' या नावाने. आयडीकडून मागवलेली ती प्रत ही वेगळी वस्तू, आणि तिचा भावही वेगळा.

मालिकेच्या नावालाही मोल असतं. 'अल्टिमा: एस्केप फ्रॉम माउंट ड्रॅश' १९८३ मध्ये सिएराने व्हिक-२० या घरगुती कॉम्प्युटरसाठी कॅसेटवर काढला. मुख्य मालिकेशी त्याचा संबंध नावापुरताच. प्रती फार कमी निघाल्या. तो गेम खेळायला हवा म्हणून कोणी मागत नाही, पण 'अल्टिमा' जमवणाऱ्या प्रत्येकाला फळीवरची ती एक जागा भरायची असते. कमी पुरवठा आणि हट्टी गिऱ्हाईक एकत्र आले की काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि प्रतीमागचा इतिहास. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावरचा 'ई.टी.' हा सगळ्यात सहज मिळणाऱ्या जुन्या गेमपैकी एक. अटारीने न खपलेल्या मालासोबत त्याची काडतुसं (गेम साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या प्लॅस्टिकच्या डब्या) १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दोच्या कचरा-डेपोत पुरली. २०१४ मध्ये ती खणून काढली गेली. चेंबलेली, मातीने भरलेली, कधीच न चालणारी ती काडतुसं त्या शहराने प्रमाणपत्रासह लिलावात विकली आणि विक्री एक लाख डॉलरच्या पुढे गेली. वस्तू तीच, अवस्था भयानक, पण ती कुठून आली याचा पक्का पुरावा होता. प्रमाणपत्र नसेल तर तेच काडतूस पुन्हा साधं 'ई.टी.'.

हातात घेतल्यावर

खोकं आधी उजेडात धरा. चारही कोपरे, झाकणाच्या घड्या आणि कणा, म्हणजे फळीवर ठेवल्यावर दिसणारी अरुंद बाजू, पाहा. उन्हात राहिलेल्या खोक्याचा कणा निळसर, फिका दिसतो, कारण लाल आणि पिवळी शाई आधी उडते. दर्शनी बाजू झकास आणि कणा उडालेला असं फार वेळा असतं, आणि विक्रेता फोटो दर्शनी बाजूचाच टाकतो. कण्याचा फोटो मागून घ्या. वास घ्या. बुरशीचा वास असलेलं खोकं मी घरात इतर संग्रहाशेजारी ठेवत नाही, कितीही आवडलं तरी. भावाचे जुने स्टिकर मात्र सोलू नका. खालची छपाई निघून येते आणि नुकसान कायमचं होतं. शिवाय तो स्टिकर त्या प्रतीच्या इतिहासाचा भाग आहे.

फ्लॉपी हातात आली की ड्राइव्हमध्ये घालण्याची घाई करू नका. सव्वापाच इंची डिस्कची आतली चकती हळूच फिरवत लांबट खिडकीतून ती नीट पाहा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. स्वच्छ गोल ओरखडा म्हणजे तिथला डेटा बहुधा गेला. बुरशी असलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घातली तर ती डिस्क जाते, ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि मागून घातलेली चांगली डिस्कही जाते. आधी साफसफाई, तीही हे काम येणाऱ्याकडून.

डिस्कच्या बाजूची खाच पाहायला विसरू नका. कारखान्यात भरलेल्या कितीतरी सव्वापाच इंची गेम-डिस्कना, ड्राइव्हला डिस्कवर लिहू देणारी खाचच नसे. लेबल मूळचं वाटतंय आणि डिस्कला मात्र खाच आहे, तर थांबून तपासा. सगळ्याच कंपन्या एकसारखं वागत नव्हत्या, म्हणून एवढ्यावरून खोटी ठरवू नका. त्याच कंपनीच्या त्याच वर्षाच्या दुसऱ्या गेमशी ताडून बघा.

बनावट प्रती

२०२२ मध्ये जुन्या पीसी गेमच्या संग्राहकांत मोठी खळबळ उडाली. सुरुवातीच्या काळातल्या अतिशय मोलाच्या गेमच्या बनावट प्रती एका जाणत्या संग्राहकामार्फत फिरत होत्या, असं उघड झालं. इतरांनी एकमेकांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून, लेबलं भिंगाखाली घालून हे शोधून काढलं. त्यानंतर या छंदात कोणाच्या नावावर विसंबून राहण्याची सोय उरली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

झिप-लॉक पिशवीतले गेम बनावटीला सगळ्यात सोपे. 'अल्टिमा'चे कर्ते रिचर्ड गॅरियट यांचा 'अकलाबेथ' हा गेम सुरुवातीला त्यांनी स्वतःच पिशव्यांमध्ये भरला, आत झेरॉक्स केलेले कागद. मोजक्याच पिशव्या विकल्या गेल्या. १९८० मध्ये तो कॅलिफोर्निया पॅसिफिक कंपनीने रीतसर काढला, आणि ती आवृत्तीही आज सहज मिळत नाही. पिशवी, झेरॉक्स, लेबल चिकटवलेली डिस्क यांची नक्कल करायला छापखाना लागत नाही. म्हणून खोकं जितकं साधं आणि भाव जितका मोठा, तितकी तपासणी कडक ठेवा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. त्या काळची रंगीत ऑफसेट छपाई भिंगाखाली ठिपक्यांच्या नेमक्या, फुलासारख्या जाळीत दिसते. इंकजेटचे ठिपके विस्कळीत उडालेले असतात, लेझरची शाई कागदावर थर होऊन बसते आणि कडेला बारीक भुकटी दिसते. पण लक्षात ठेवा, लहान कंपन्यांची खरी लेबलंसुद्धा टाइपरायटरवर किंवा डॉट मॅट्रिक्सवर छापलेली असत. तिथे प्रश्न असतो की ही छपाई त्या काळच्या यंत्राची आहे का. लेबलाच्या कडा हाताने कापल्यासारख्या वाकड्या आहेत का, स्टेपलला आजूबाजूच्या कागदावर उमटलेला गंज आहे का, मॅन्युअल आणि पिशवी एकाच वयाची वाटतात का, हे पाहा. अतिनील दिव्याखाली कागद चमकला म्हणून तो नवा, असं मानू नका. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून चमकणारी रसायनं या गेमच्या काळाआधीपासून वापरात होती. तो दिवा खात्रीच्या प्रतीशी तुलना करायला वापरा, निकाल द्यायला नव्हे.

यापुढची पायरी डिस्कच्या आतली. ग्रीझवीझल, क्रायोफ्लक्स, आणि ॲपल टू साठी ॲपलसॉस ही उपकरणं फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवतात. मूळ डिस्कवर कॉपी रोखण्यासाठी केलेली विचित्र मांडणी असेल तर ती या नोंदीत दिसते. कोणीतरी कॉपी रोखणारं हे कुलूप तोडलेली प्रत साध्या डिस्कवर उतरवली असेल तर ती मांडणी नसते, कधी तोडणाऱ्याचं नावही सुरुवातीच्या पडद्यावर झळकतं. डिस्क कोरीच निघाली तर बोलायलाच नको. मोठी रक्कम द्यायची असेल तर विक्रेत्याकडे ही नोंद मागा. खरा संग्राहक या मागणीने रागावत नाही.

सीलबंद प्रतींबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्या नवशिक्याने घेऊ नयेत. ग्राहकाने परत केलेला गेम दुकानातच पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकायची पद्धत होती, आणि गुंडाळायचं यंत्र आजही कोणीही विकत घेऊ शकतं. त्यामुळे सील म्हणजे कारखान्याचं सील, असं नसतं. आत काय आहे हे तपासायची सोयच नाही, आणि माझी सगळी पद्धत तर आत काय आहे यावरच उभी आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' या निन्टेन्डोच्या गेमची एक सीलबंद, ग्रेड केलेली (म्हणजे अवस्था तपासून श्रेणी दिलेली) प्रत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्या गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आहेत, म्हणजे तो भाव गेमचा नव्हता, त्या एका खोक्याच्या निष्कलंक अवस्थेचा होता. असे आकडे मनात धरून घरातल्या उघडलेल्या कॉम्प्युटर गेमचा भाव करू नका.

भाव काढताना

मागितलेली किंमत हा भाव नसतो. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतींच्या नोंदी पाहा. ईबेवर त्या वेगळ्या गाळून बघता येतात. आवृत्ती, मशीन, वस्तूंची यादी आणि अवस्था या चारही बाबतीत तुमच्या प्रतीशी जुळणाऱ्याच विक्री धरा. एखादी फारच वर गेलेली असेल तर ती बाजूला ठेवा. तिथे दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असणार. विक्रीची तारीखही बघा. २०२१ मधले काही भाव पुढे टिकले नाहीत.

अपुऱ्या प्रतीचा भाव काढायची माझी रीत अशी: पूर्ण प्रतीच्या भावातून हरवलेली वस्तू सुटी मिळवायला जेवढा खर्च येईल तेवढा वजा करा, आणि ती शोधायला लागणाऱ्या धीरासाठी आणखी थोडा. चष्मा, नकाशा, चकती या वस्तू सुट्या विकायला येतात. पण काही कधीच येत नाहीत, आणि त्या नसतील तर ती प्रत कायमची अपुरी धरूनच पैसे द्या. उलटंही खरं आहे. दोन अपुऱ्या प्रती स्वस्तात मिळाल्या आणि एकीत जे नाही ते दुसरीत असलं, तर फारसा खर्च न करता पूर्ण प्रत तयार होते. सुरुवात करणाऱ्याने हा मार्ग जरूर धरावा. त्यासाठी एकच कंपनी, एकच मालिका किंवा एकच मशीन निवडा. विषय अरुंद ठेवला की सहा महिन्यांत त्यातली खोकी तुम्हाला कण्यावरून ओळखू येतात, आणि एकगठ्ठा विकायला आलेल्या मालात इतरांना न दिसलेली प्रत तुम्हाला दिसते.

जुन्या प्रोग्रामरांची कपाटं, बंद होणारी कार्यालयं, शाळांच्या अडगळीच्या खोल्या इथून आलेला माल मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे सांगणारा माणूस असतो. तो काय सांगतो ते त्याच दिवशी लिहून घ्या. पावती, पत्र, कंपनीचा लिफाफा काही असेल तर तो गेमसोबतच मागून घ्या.

सांभाळ आणि नोंद

खोकी उभी ठेवा, एकावर एक रचू नका. खालचं हमखास चेपतं. कोरडी, थंड, अंधारी जागा निवडा. स्पीकरजवळ फ्लॉपी नको. बाहेरून प्लॅस्टिकचं संरक्षक आवरण घालणार असाल तर ते पीव्हीसीचं नको, कारण कालांतराने ते चिकट होऊन छपाईला धरतं, पीईटीचं घ्या. रबरबँड कधीही लावू नका.

डिस्क वाचता येत असेल तोवर वर सांगितलेल्या उपकरणाने तिच्यातल्या मजकुराची नोंद काढून ठेवा. चुंबकीय थर कायम टिकत नाही, आणि काही आवृत्त्यांची जगात कुठेच नीट नोंद झालेली नाही. तुमच्या हातातली प्रत त्यातली एक असू शकते. मला तरी या छंदातलं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच वाटतं.

प्रत्येक गेमची नोंद करताना काय आहे त्याबरोबर काय नाही तेही लिहा. दोन प्रती जोडून एक केली असेल तर कुठली वस्तू कुठल्या प्रतीतली ते लिहा. हरवलेल्या चकतीच्या किंवा नकाशाच्या जागी नवी छापलेली नक्कल ठेवण्यात काहीच गैर नाही, खेळायला ती हवीच. पण तिच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, 'नक्कल' आणि छापल्याचं साल न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहा. ती प्रत पुढे कोणाच्या हाती जाईल आणि तेव्हा सांगायला तुम्ही तिथे असाल का, हे आज ठरवता येत नाही.